अंधाराच्या बाजूचे पतंग

८ सप्टेंबर

तंबू उभा राहिला एकदाचा. प्राणिशास्त्र विभागाच्या मागच्या खोलीत, जिथे मोडकी बाकं टाकलेली असायची, तिथे आता काळ्या कापडाचा लांबट तंबू आहे. आतून पांढरी जाळी. एका टोकाला दिवा, त्याचा उजेड बटण फिरवून कमी-जास्त होतो. दुसऱ्या टोकाला काही नाही, नुसता अंधार. मधोमध पतंग सोडायचे आणि कोण दिव्याकडे जातो, कोण अंधाराच्या बाजूला बसून राहतो ते मोजायचं. सांगायला एवढंच. पण एवढ्यासाठी दीड वर्ष गेलं.

पतंग एरंडावरच्या उंटअळ्यांचे. निम्म्या अळ्या मलकापूरच्या पलीकडच्या वाड्यांवरून आणल्या होत्या, तिथे रस्त्याला अजून दिवे नाहीत. निम्म्या इथल्याच, कोल्हापुरातल्या रंकाळ्याच्या कडेच्या, तिथे रात्र अशी होतच नाही. दोन्हीकडची अंडी एकाच खोलीत, एकाच पाल्यावर वाढवली. आताच्या पिढीनं मलकापूरचा अंधारही पाहिलेला नाही आणि रंकाळ्याचे दिवेही नाहीत. तरी वागण्यात फरक दिसला तर तो रक्तातला. दीपा मॅडमचा, म्हणजे माझ्या गाइडचा, अंदाज असा की शहरात दिव्यावर झेपावणारे पिढ्यान्‌पिढ्या मरत गेले, न झेपावणारे उरले, आणि उरलेल्यांची पोरंही तशीच निघाली. अंदाज त्यांचा. सिद्ध मी करायचंय.

संध्याकाळी ऊन असतानाच आम्ही बापलेक जेवायला बसलो, नेहमीप्रमाणे. आप्पा म्हणाले, "दिव्यावर जीव मरत्यात म्हणून आपण दिवेलागणीच्या आत जेवतो. आणि तू दिवा लावून त्यास्नी बोलावतीस व्हय?" एकही मारणार नाही असं पुन्हा एकदा कबूल केलं. मोजून झाले की पिंजऱ्यात ठेवायचे आणि मरेपर्यंत गुळाचं पाणी द्यायचं. आई असती तर हसली असती. आप्पा हसले नाहीत.

१२ सप्टेंबर

पतंग हरवताहेत.

सोडले तेवढे सापडत नाहीत. दिव्याजवळचे मोजले, मग अंधाराच्या बाजूला गेले, तिथे दोन-चार दिसतात, बाकीचे नाहीतच. सकाळी ट्यूबलाइट लावली तर खोलीच्या भिंतीवर काही बसलेले. म्हणजे तंबूला कुठेतरी भोक आहे. दुपारभर जाळी बोटांनी चाचपली. एक शिवण सैल वाटली, ती घट्ट केली.

१५ सप्टेंबर

आजही हरवले. गंमत म्हणजे रंकाळ्याचे जास्त हरवतात. शहरातले किडे भोक शोधण्यात हुशार असावेत!

हरवलेले हिशेबात धरता येत नाहीत, म्हणून सापडलेल्यांवरच टक्केवारी काढते. तशी काढली तर दोन्हीकडचे पतंग जवळजवळ सारखेच दिव्याकडे जातात. फरक जवळपास नाही. मॅडमना अजून सांगितलेलं नाही. झोपायला जाते, पुन्हा उठते, पाणी पिते.

आप्पांनी न्हाणीतला बल्ब बदलून मोठा लावला. गॅलरीत एक, जिन्यावर एक. घर आहे का मंगल कार्यालय, म्हटलं. ते म्हणाले, "म्हाताऱ्याला उजेड लागतो." आयुष्यभर एका दिव्यात पेपर तपासलेले हेडमास्तर! मला वाटतं, मला टोमणा आहे हा. तू दिवे लावतीस, मग मी बी लावतो.

१८ सप्टेंबर

विश्वजितबद्दल लिहायचं राहिलं. नेसरीचा आहे, घरी भाताची शेती. एम.एस्सी. होऊन यंदाच विभागात आला आणि मॅडमनी त्याला माझ्या कामावर दिलं. मोठ्यानं बोलतो, पण हात सफाईदार. आजपासून एक दिवस मी मोजायचं, एक दिवस त्यानं, असं ठरलं.

संध्याकाळी परतताना बसथांब्यापासून गल्लीपर्यंत चालत आले. कुणीतरी बोळात सायकल आडवी लावली होती, नडगी फुटली. लोकांना अक्कल नाही. आप्पांना म्हटलं होतं, स्कूटर घेऊन थांब्यावर या. "दिवे लागल्यावर मी भायेर पडत न्हाय." पूर्वी रात्री दहाला आईला माहेराहून घेऊन यायचे. आता नियम आठवतात.

२३ सप्टेंबर

विश्वजितचे आकडे माझ्या आकड्यांशी जुळत नाहीत.

त्याच्या पाळीला पतंग हरवतच नाहीत. सोडलेले सगळे सापडतात. आणि रंकाळ्याचे निम्म्याहून जास्त अंधाराच्या बाजूला बसलेले असतात, मलकापूरचे दिव्यावर तुटून पडतात. अगदी मॅडमना हवं तसं.

"भोक कसं बुजवलंस?" विचारलं.

"कसलं भोक? भोक न्हायच की ताई."

२६ सप्टेंबर

दोन दिवस आकडे समोर ठेवून बसले. दिवा मोठा ठेवला की त्याचे आणि माझे आकडे जुळतात. दिवा चांदण्याइतका बारीक केला की फुटतात. याचा अर्थ एकच. उजेडात कुणीही तपासू शकतं, म्हणून तिथे तो खरं लिहितो. अंधारात कोण बघतंय?

पिंजऱ्यांवर आम्ही गावाचं नाव लिहीत नाही, नुसत्या खुणा. पण त्या खुणा त्याला कळल्या असणार. यंदाच आलाय, मॅडमवर छाप पाडायची घाई आहे. मला ते समजतं. पण माझ्या दीड वर्षावर?

रात्री पुन्हा उठून बसले. आप्पाही जागे होते, भिंतीला हात लावत स्वयंपाकघराकडे चालले होते. मी दिसले नाही बहुतेक, अंगावरच आले. "कोण?" म्हणाले. घरात आम्ही दोघंच, आणि विचारतात कोण!

२८ सप्टेंबर

आक्का आल्यात गडहिंग्लजहून, म्हणजे माझी आत्या. चार दिवस राहणार. दुपारी शेंगा सोलता सोलता माझ्या उशिरा येण्यावर आल्या.

"आमच्या आईनं दिवेलागणीनंतर उंबरा कवा ओलांडला न्हाय. व्रतच हुतं तिचं. हाताला धरून नेल्याबिगर न्हाणीत सुदीक जायची न्हाय, अंधारात पायाखाली किडामुंगी येईल म्हणून. येवढी पाळणारी! तुझ्या आप्पानं तिचंच घेतलंया."

आप्पा मान खाली घालून शेंगा सोलत राहिले. माझ्या आज्जीइतकी श्रद्धा माझ्यात नाही, हे खरंच. थोडी लाज वाटली.

१ ऑक्टोबर

आज आम्ही दोघंही एकदम आत गेलो. विश्वजितनंच सांगितलं, "ताई, रोज रोज संशयानं बघताय, त्यापरीस संगंच मोजू."

दिवा बारीक. दिव्याजवळचे मोजले, एकमत. मग अंधाराच्या टोकाला गेलो. मला तीन दिसले. तो म्हणाला, अकरा.

"कुठायत?"

"ते काय, वरच्या शिवणीला. त्याच्या डावीकडं दोन. तुमच्या हाताजवळ बी एक हाय, बघा की!"

मी पाहिलं. काही नव्हतं, नुसतं काळं. मला भर अंधारात नसलेले पतंग दाखवत होता आणि तोंडावर हसूसुद्धा नाही! मी टॉर्च लावला. त्याबरोबर पाच-सहा पतंग फडफडत आले आणि तंबूच्या तोंडातून बाहेर गेले.

"बघितलासा?" तो म्हणाला.

"हे दिव्याजवळचे उडून आले."

"आवं, दिव्याजवळचं दिव्याजवळच हायेत! डोळ्यानं बघा की जरा!"

हे तो ओरडूनच म्हणाला. टॉर्च विझवून बाहेर आले, दाराची चौकट खांद्याला लागली.

३ ऑक्टोबर

मॅडमना सांगितलं. शब्द जपून वापरायचे ठरवलं होतं, पण त्यांनी सरळच विचारलं, "तो आकडे बनवतोय, असं म्हणायचंय तुला?" मी हो म्हटलं.

त्यांनी विश्वजितला बोलावून घेतलं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी दिसलं ते लिवलं." मॅडम म्हणाल्या, चौकशी होईपर्यंत ह्या कामाला हात लावायचा नाही. तो गेला. पिशवी घेऊन गेला, डबा तसाच खिडकीत राहिला.

योग्य तेच केलं. मग एवढी तगमग का? दिवसभर खोलीत येरझाऱ्या घातल्या. तंबूला पुन्हा एक शिवण घातली.

९ ऑक्टोबर

आप्पांशी भांडले. सकाळी, क्षुल्लक कारणावरून. चहा ओतताना त्यांच्या हातून अर्धा बशीबाहेर सांडला, मी बोलले, ते बोलले. मग माझ्या तोंडून गेलं, "संध्याकाळी न्यायला येऊच नका. किडे मोजणारी पोरगी चारचौघांत आपली म्हणायची लाज वाटते ना तुम्हाला." ते उठून देवाला गेले.

१० ऑक्टोबर

काल संध्याकाळी आप्पा मला न्यायला निघाले होते. स्कूटरवर. अंधार पडल्यावर. चौकाच्या अलीकडे भाजीची हातगाडी उभी होती, सरळ तिच्यावर गेले. गाडीवाला म्हणतो, ब्रेक दाबलाच नाही, जणू गाडी तिथं नव्हतीच.

उजवं मनगट मोडलंय, कपाळाला टाके. देवाची कृपा म्हणायची.

दवाखान्यात मला बघून म्हणाले, "लाज न्हाय वाटत गं. कवाच न्हाय वाटली."

१३ ऑक्टोबर

हाडाच्या डॉक्टरांनी डोळ्याच्या डॉक्टरांकडे पाठवलं. आप्पांना आत नेलं, मी बाहेर. मग मलाही बोलावलं.

डोळ्याच्या पडद्यात दोन तऱ्हेच्या पेशी असतात. एक दिवसाच्या कामाच्या, एक अंधारातल्या. आप्पांच्या अंधारातल्या पेशी मरत आल्यात. कडेनं सुरुवात होते, म्हणून बाजूचं माणूस दिसत नाही, समोरचं दिसतं. काल-परवाचं नाही, वर्षानुवर्षांचं. डॉक्टरांनी विचारलं, आणखी कुणाला घरात? आप्पांनी प्लास्टरमधला हात सारखा केला. मग म्हणाले, "आईला. आमी व्रत म्हणत हुतो."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "आणि तुम्हाला?"

मी म्हटलं, "मला काही नाही. मी तर अंधारातच काम करते."

तरी तपासू म्हणाले. काळोख्या खोलीत बसवलं, एका भांड्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवली. बारीक ठिणग्या दिसतील, दिसली की बटण दाबा. मी वाट पाहत राहिले. मधूनमधून एखादी दिसायची. मला वाटलं, यंत्र संथ आहे.

यंत्र संथ नव्हतं.

१४ ऑक्टोबर

तंबूला भोक नव्हतं.

१५ ऑक्टोबर

काल एवढंच लिहून वही मिटली.

बापाकडून लेकराला यायची निम्मी शक्यता, असं डॉक्टर म्हणाले. हे मी बी.एस्सी.च्या मुलांना फळ्यावर आनुवंशिकतेचा चौकोन काढून शिकवते. निम्मी. माझ्या वाट्याला ते निम्मं आलं. दिवसाची नजर अजून खूप वर्षं राहील, कदाचित म्हातारपणापर्यंत. कदाचित नाही. अंधारातली आत्ताच निम्मीशिम्मी गेलीय आणि मला पत्ता नाही. पत्ता लागणार कसा? जे दिसत नाही, ते दिसत नाही हे दिसणार कसं?

रंकाळ्याचे पतंग अंधाराच्या बाजूला गुपचूप बसले होते. रोज. माझ्या हाताजवळ. आणि मी तंबूचं तोंड उघडून आत-बाहेर केलं की माझ्याच अंगावरून उडून बाहेर जायचे.

आप्पांना विचारलं, कधीपासून माहीत होतं? तीन-चार वर्षं, म्हणाले. मग बोलला का नाहीत?

"घराण्यात डोळ्याचं हाय म्हटल्यावर तुला कोण करून घेईल?"

इतका राग आला की भांडी आपटत घासली. मग त्यांचा प्लास्टरमधला हात पाहिला, डाव्या हातानं घास घेताना होणारी फजिती पाहिली आणि भरवायला बसले. ते म्हणाले, "माझ्याकडनं आलं तुला." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? खरं तेच होतं. एवढं म्हणून पुढचा घास दिला.

१६ ऑक्टोबर

मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाल्या, "विश्वजित फोन उचलत नाही. दुसरीकडे जागा बघतोय, असं ऐकलं." त्याचे आकडे खरे होते यावर त्यांना आनंद व्हायला हवा होता. त्या म्हणाल्या, "मीसुद्धा त्याला एकदाही विचारलं नाही, चल, मला दाखव म्हणून."

१९ ऑक्टोबर

पहाटे नाही, चांगलं उजाडल्यावर निघाले. एसटीनं गडहिंग्लज, तिथून दुसरी बस नेसरीला. दिवाळी तोंडावर, बस फुल्ल. विचारत विचारत त्याच्या रानात पोचले. भाताची कापणी चालली होती. त्यानं लांबूनच बघितलं, विळा खाली ठेवला नाही.

"कशाला आलासा ताई?"

"माफी मागायला."

"चोर म्हणालासा मॅडमसमोर. आणि माफी हितं, रानात? हितं ऐकाय कोण हाय? म्हशी?"

बांधावर त्याची आई पेंढ्या बांधत होती, ती थांबली. मी म्हटलं, मॅडमसमोर मागीन, सगळ्या विभागासमोर मागीन. आणि मग डोळ्यांचं सांगितलं. आज्जीचं, आप्पांचं, त्या ठिणग्यांचं. सांगताना आवाज सरळ राहिला याचं मलाच नवल वाटलं.

त्यानं विळा खाली ठेवला.

"म्हंजे माझ्या बोटाफुडं हुतं ते बी तुमाला खरंच दिसत न्हवतं?"

"नाही."

"मला वाटलं, दिसून बी न्हाय म्हणताय. माझं काम मोडायला."

त्याची आई म्हणाली, "पावण्यास्नी पाणी तरी दे की रं." पाणी दिलं, मग भाकरी आणि आमटी. तो लांब बसून जेवला. येतो म्हणाला नाही, येत नाही असंही म्हणाला नाही. माझं लक्ष सारखं सूर्याकडे जात होतं. ऊन तिरपं व्हायला लागलं. शेवटची बस कधीची, कोल्हापूरच्या थांब्यापासून घरी कशी जाणार, हे मी त्याला विचारणार नव्हते.

तोच उठला. गाडीला किक मारली. "चला. गडहिंग्लजपतोर सोडतो. अंधार व्हायच्या आत कोल्हापुरात पोचायला पायजे तुमाला."

स्टँडवर उतरवून म्हणाला, "विभागासमोर मागायची म्हणालासा. मी असणार तवा."

३ नोव्हेंबर

मागितली. सगळे होते, शिपाईसुद्धा. विश्वजित शेवटच्या बाकावर हाताची घडी घालून बसला होता. माझे अंधारातले सगळे आकडे रद्द केले. मॅडमनी विचारलं, प्रबंधात कारण काय लिहायचं? मी म्हटलं, आहे ते लिहिते. निरीक्षकाला मंद उजेडात दिसत नाही. वाचणाऱ्यांत कुणी हसेल, कुणाला दया येईल. दया जास्त बोचेल बहुधा.

माझी नोंदणी रद्द करावी का, हेही विचारलं. त्या चिडल्या. अंधारात दिसणाऱ्या कॅमेऱ्यासाठी अर्ज करतेय म्हणाल्या, मिळेल तेव्हा मिळेल. तोपर्यंत मोजणार विश्वजित, पिंजरे निवडणार आणि टिपणार मी. खुणाही नव्या, त्याला न कळणाऱ्या. हे त्यानंच सुचवलं. "परत कुनी म्हणाय नको."

रात्री अजून झोप लागत नाही. भविष्याचं काहीच ठरत नाही. पांढरी काठी, ब्रेल, लग्न, नोकरी, सगळं एकामागून एक डोळ्यापुढे येतं, आणि "डोळ्यापुढे" हा शब्दही खटकतो. आप्पा जिन्यातला मोठा बल्ब माझ्यासाठी चालूच ठेवतात. मी आता विझवत नाही. किडे येतात त्यावर. आप्पा सकाळी खालची फरशी झाडण्याआधी वाकून बघतात, जिवंत आहे का एखादा, आणि डाव्या हातातल्या पोस्टकार्डावर उचलून कुंडीत ठेवतात.

७ नोव्हेंबर

आज नव्यानं पहिली मोजणी. आप्पा रिक्षानं येऊन बाहेरच्या व्हरांड्यात ट्यूबलाइटखाली बसले होते, घरी दोघांनी संगं जायचं म्हणून.

मी पिंजरा निवडला, पतंग सोडले, दिवा चांदण्याइतका केला. विश्वजित आत, मी तंबूच्या तोंडाशी, मांडीवर कागद. पांढऱ्या कागदावर माझं अक्षरसुद्धा मला धड दिसत नव्हतं, पण हात चालतो.

दिव्याजवळचे त्यानं भराभर सांगितले. फार नव्हते. मग त्याची पावलं अंधाराकडे गेली.

"हितं लई हायेत ताई," तो हळू आवाजात म्हणाला. त्याला हळू बोलता येतं हे मला आजच कळलं. "वरच्या कोपऱ्यात येक. पंख मिटून बसलाय, झोपल्यागत. त्याच्या खाली दोन, शेजारी शेजारी. येक चालतोय... न्हाय, थांबला. मिशा तेवढ्या हालत्यात. तुमच्या बाजूला चार, येका रांगंत. कुनी म्हंजे कुनी दिव्याकडं ढुंकून बघंना झालंय."

मी लिहीत होते. पिंजरा रंकाळ्याचा होता. मला माहीत होतं, त्याला नाही. ओठ गच्च मिटून घेतले.

"कुठल्या गावचं हायेत हे?" त्यानं विचारलं.

"सांगणार नाही," मी म्हटलं. "मोज."